एस. पी. एम. घराण्याचं कुलसंमेलन

आमच्या हिच्या मामांइतका नातेवाइकांचा भुकेला माणूस मीरा-भाईंदरच्या हद्दीत आजवर झाला नाही, आणि देवाशपथ सांगतो, पुन्हा होऊही नये. लोकांना नातेवाईक नकोसे होतात. पाहुणे येणार म्हटलं की चांगली चांगली माणसं टीव्हीचा आवाज बंद करून, दिवे मालवून घरात गप्प बसून राहतात. मामांचं सगळं उफराटं. बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाच्या खांद्यावर टिचकी मारून हे विचारणार, "आपण कुठले? नाही, मान ओळखीची वाटली." रिक्षावाल्याचं गाव विचारल्याशिवाय हे रिक्षातून उतरायचे नाहीत, आणि जौनपूर असं कळलं की हळहळायचे, "अरेरे, जौनपूर में हमारा कोई नहीं है." जसे काही बाकी सगळ्या हिंदुस्थानात यांचे चुलते-पुतणे मांडीला मांडी लावून बसलेत! खरी गोष्ट अशी, की मामांना उभ्या जगात कुणी म्हणजे कुणी नव्हतं. आमच्या हिचेसुद्धा ते खरे मामा नव्हेत, मानलेले. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण हा खुलासा करायची मला लग्नापासूनची सवय आहे. मामा आमच्याकडे बसलेले असताना कुणी विचारलं, "हे कोण?" की मी म्हणणार, "हिचे मामा. म्हणजे मानलेले." मामा मान डोलवायचे आणि चहाचा कप खाली ठेवायचे.

मामा वाढले बालगृहात. कुणीतरी दारात ठेवून गेलेलं पोर. नाव ठेवलं तिथल्या सुपरिंटेंडंटसाहेबांनी. बापाच्या नावाची जागा रिकामी राहू नये म्हणून त्या भल्या माणसाने तिथे आपलंच नाव घातलं, आणि आडनाव दिलं ते त्या वर्षी बालगृहाच्या छपराला पत्रे देणाऱ्या दात्याचं. "म्हणजे जावईबापू, माझं आडनाव छपरावरून पडलंय," असं मामा सांगायचे आणि स्वतःच मोठ्याने हसायचे. आम्हाला कुणाला हसू यायचं नाही. ते नाव-आडनाव मी इथे लिहीत नाही. एस. पी. एम. एवढं पुरे, मामांनाही आयुष्यभर तेवढंच पुरलं. पुढे त्यांना रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली आणि लालबागला माझ्या सासूबाईंच्या शेजारची खोली मिळाली. सासूबाईंना भाऊ नव्हता, यांना बहीण नव्हती. एका भाऊबिजेला त्यांनी यांना ओवाळलं आणि हे मामा झाले. लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. रिटायर झाल्यावर जागा घेतली ती मीरा रोडला, शांती नगरमध्ये. तिथे मामी वारल्या, त्यांच्या मागोमाग लालबागला माझ्या सासूबाईही गेल्या, आणि मामांच्या वाट्याला उरलो आम्ही दोघं, भाईंदरला गोडदेवात राहणारे. माणसाच्या नशिबात जवळचं म्हणून मी यावं, यापरती शिक्षा ती काय!

या सगळ्या प्रकरणाची सुरुवात झाली एका टोपापासून. मामांच्या सोसायटीत माघी गणपतीचा महाप्रसाद असतो. सोसायटीची भांडी पुरत नाहीत, म्हणून घराघरांतले मोठे टोप गोळा करतात. आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत पडली ती अशाच वेळी भांडणं होऊ नयेत म्हणून. मामींनी हौसेने घरातल्या चमच्यापासून पिंपापर्यंत सगळ्यावर एस.पी.एम. घालून घेतलं होतं. दुकानदार गुजराती, त्याचं टर्रटर्र करणारं यंत्र मराठी जोडाक्षरांपाशी अडखळायचं, म्हणून इंग्रजी आद्याक्षरं. तर महाप्रसाद झाला, ज्याचे त्याचे टोप परत गेले, आणि मामांच्या घरी एक टोप जास्त आला. अक्षरं तीच, एस.पी.एम., पण टोप परका. मामींच्या टोपांना कडा दुमडलेल्या, याला नव्हत्या. मी म्हटलं, "ठेवून घ्या मामा, गणपतीने दिला समजा." पण ऐकतील तर ते मामा कसले! "नाही जावईबापू, आपल्या नावाचं कुणीतरी आहे इथे," म्हणाले, आणि तो टोप काखोटीला मारून शांती नगरचे सगळे सेक्टर पालथे घालायला निघाले. वॉचमन त्यांना भांडी विकणारा समजून गेटवरच अडवायचे. शेवटी मालक सापडला तो आमच्याच गोडदेवात. तिथे गावातल्या जुन्या मंडळींचं एक संगीतप्रेमी मंडळ आहे. त्यांनीही त्याच गुजराती दुकानदाराकडून टोपावर नाव घालून घेतलं होतं आणि कुणा आचाऱ्याबरोबर तो शांती नगरला गेला होता. मंडळाचे म्हातारे अध्यक्ष टोप उलटासुलटा करून म्हणाले, "आमचाच टोप हाय यो." मामांनी टोपाला हात लावून विचारलं, "म्हणजे तुम्हीसुद्धा एस. पी. एम.?" अध्यक्ष म्हणाले, "हां, मंग?" एवढ्यावर मामांनी त्यांना मिठी मारली. मधे टोप होता, तो दोघांच्या पोटात रुतला.

त्या दिवसापासून आमची साडेसाती सुरू झाली. मामांनी सिद्धांतच मांडला. "हे बघा, एका आडनावाची माणसं भाऊबंद असतात की नाही? मग संस्थांनी काय घोडं मारलंय? एका आद्याक्षरांच्या संस्था म्हणजे एकाच घराण्याच्या शाखा. पांगल्या बिचाऱ्या, कुणी कुणाला विचारत नाही, एवढंच." मी म्हटलं, "मामा, याला बादरायण संबंध म्हणतात." तर मला म्हणतात कसे, "बादरायण का होईना, संबंध आहे ना?" मग मीरा रोडमध्ये जिथे जिथे एस.पी.एम. लिहिलेलं दिसेल, तिथे तिथे मामा जाऊन उभे राहायला लागले. हायवेकडे पाण्याचे पंप आणि मोटर विकणारं एक दुकान आहे. शेठ कच्छी. त्यांच्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर, मग पंप, मग मोटर. मामा दर गुरुवारी तिथे जाऊन स्टुलावर बसायचे. शेठ पहिल्या दिवशी म्हणाले, "काका, पंप लेना है क्या?" मामा म्हणाले, "नहीं नहीं, घर का आदमी है. बस मिलने आया." शेठ घाबरले. त्यांना वाटलं इन्कम टॅक्सवाला. चार-पाच गुरुवार उलटल्यावर त्यांची भीती गेली, आणि ते बँकेत गेले की मामांनाच गल्ल्यावर बसवायला लागले. मग पोस्ट. पोस्टातल्या बाईंच्या टेबलावर तीच अक्षरं, सब पोस्टमास्टर या हुद्द्याची. मामा संक्रांतीला तिळगूळ घेऊन हजर. बाई मराठवाड्यातल्या, मायाळू. त्यांनी समजावलं, "काका, हे माझं नाव नाही हो. माझी बदली झाली की इथे दुसरं कुणी येईल, पाटी तीच राहील." मामा खूश झाले. बाहेर येऊन मला म्हणाले, "गादी चालतेय. घराणं भरभक्कम आहे."

बरं, संस्थांवर थांबावं की नाही? तेही नाही. मुलांना हातांच्या बोटांवर गणितं शिकवणारा एक क्लास त्यांच्या सेक्टरमध्ये निघाला, त्याच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं: स्पीड, पेशन्स, मेमरी. मामा भिंतीसमोर हात जोडून उभे. "जावईबापू, ही शाखा नव्हे, हे घराण्याचे गुण सांगितलेत. पहिला माझ्यात नाही, उरलेले दोन आहेत." आणि एकदा त्यांना कुठूनतरी कळलं, की हवेत बांधकामाची जी धूळ तरंगत असते, तिला शास्त्रज्ञ मंडळी इंग्रजीत जे लांबलचक नाव देतात त्याचीही आद्याक्षरं एस.पी.एम.च. मला वाटलं, चला, आता तरी हा माणूस शुद्धीवर येईल. त्यांच्या बिल्डिंगला लागून एका टॉवरचं काम चाललं होतं. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहावं इतकी धूळ. मामींना दमा होता, त्या धुळीनेच त्या शेवटी शेवटी हैराण झाल्या होत्या. मामा खिडकीपाशी गेले, चौकटीवरची धूळ फडक्याने पुसली. मग म्हणाले, "असतो. प्रत्येक घराण्यात एखादा वाया गेलेला असतोच. म्हणून काय नाव टाकून द्यायचं?" मी हात टेकले.

तुम्ही म्हणाल, वेड आहे, पण निरुपद्रवी आहे, तुम्ही कशाला एवढे वैतागता? अहो, भाऊबिजेच्या दिवशी तुमच्या घरी पंचपक्वान्नं करून बायको वाट बघत बसली असती आणि मामा फोन उचलत नसते, तर तुम्हाला कळलं असतं! सासूबाई गेल्यानंतरची ती पहिलीच भाऊबीज. ही म्हणाली, मामांना कुणी ओवाळायला उरलं नाही, निदान जेवायला तरी आपल्याकडे असू देत. दुपार उलटली, मामांचा पत्ता नाही. हिच्या डोळ्याला पाणी. शेवटी मी शोधायला निघालो आणि मामा सापडले काशीगावात, बायकांच्या शिवण प्रशिक्षण मंडळात. तेही एस.पी.एम. त्यांच्या कापडी पिशव्यांवर मामांनी ती अक्षरं पाहिली होती. शिलाई मशीनच्या दोन रांगांच्या मधोमध एका खोक्यावर हे टोपी घालून, हातावर रुमाल ठेवून बसलेले. आजूबाजूच्या बायकांत कुजबुज. "यो बाबा कोन हाय गो?" "ठाव न्हाय. बहिनी हाव आमी त्याच्या, आसा सांगतोय." तेवढ्यात त्यांच्यातली एक पोक्त बाई उठली आणि म्हणाली, "सनाचे दिवशी टोपी घालून बसलाय तर ओवाला ना त्याला! काय जातंय?" ताटात निरांजन नव्हतं, काडेपेटीतली काडी ओढली. हळदीकुंकू देव्हाऱ्यातलं, अक्षता डब्यातल्या तांदळाच्या. मी दाराशी उभा राहून बघत होतो. काडी विझेपर्यंत ओवाळून झालं पाहिजे म्हणून बायका घाईघाईने एकामागून एक येत होत्या, नव्या काड्या ओढत होत्या, आणि मामांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. मी रागाने भरून आलो होतो. पण रागवायचं राहूनच गेलं.

मग आलं ते खरं कुलसंमेलन. मामांच्या आडनावाच्या मंडळींचं, भाईंदर पश्चिमेला एका हॉलमध्ये. जाहिरात वाचून मामा आदल्या आठवड्यापासून झब्बा इस्त्री करत होते. मला सोबत नेलं. दारात टेबल मांडून दोन तरुण बसलेले, छातीवर फुलं लावलेली. "या या, कुठली शाखा?" मामा छाती फुगवून म्हणाले, "मीरा रोड शाखा." ते दोघं हसले, त्यांना वाटलं काका गंमत करतायत. "नाही काका, म्हणजे मूळ गाव कुठलं?" मामांनी झब्ब्याची बाही सारखी केली. "कुलदैवत?" मामांनी दुसरी बाही सारखी केली. "गोत्र तरी?" मामांनी माझ्याकडे पाहिलं. मग मामा हळूच म्हणाले, "आमच्या छपराचे पत्रे तुमच्यापैकी कुणीतरी दिले होते." त्या पोरांना काही कळलं नाही. वाईट नव्हती हो पोरं, खुर्ची दिली, चहा दिला, "पुढच्या वेळी घरच्यांना विचारून माहिती घेऊन या," असं अदबीने सांगितलं. एकाने मला विचारलं, "तुम्ही कोण यांचे?" आणि माझ्या तोंडून सवयीने निघालंच, "हिचे मामा हे. म्हणजे मानलेले." मामांनी चहा संपवला, कप जागेवर नेऊन ठेवला आणि बाहेर पडले. आत माईकवरून कुणीतरी मूळपुरुषाची कथा सांगत होतं. परतताना एका सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मामा म्हणाले, "जावईबापू, माझी एकच इच्छा राहिलीय. एकदा माझ्या नावाच्या माणसांची पंगत बसावी आणि मी वाढावं. आपणच घालू या का एस. पी. एम.चं कुलसंमेलन?" त्यांचा चेहरा बघून मी हो म्हणून बसलो. कर्म माझं!

पुढचा महिनाभर माझे कसे हाल झाले ते माझं मला ठाऊक. ऑफिसातून घरी आलो की मामा दारात उभे, "चला, आमंत्रणाला." कुलसंमेलनाचं आमंत्रण म्हणे तोंडी द्यायचं, घरी जाऊन, अक्षता ठेवून. पंपाच्या दुकानाच्या गल्ल्यावर अक्षता, पोस्टाच्या काउंटरवर अक्षता, क्लासच्या मॅडमच्या हातावर अक्षता. शिवाय आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून मामांनी स्टीलच्या वाट्या आणल्या, गोणभर, आणि त्या गुजराती दुकानदाराकडून प्रत्येकीवर एस.पी.एम. घालून घेतलं. आता सगळ्यांच्या घरी आपल्या नावाची एकेक वाटी जाणार, म्हणून मामा हरखून गेले होते. मी हिला म्हणायचो, "अगं, कुणी येणार नाहीये. लोक तोंडावर हो म्हणतात. मामांचा त्या दिवशी जीव जाईल." ही म्हणायची, "मग तुम्ही काहीतरी करा ना." काय करू? माणसं का भाड्याने आणू?

ठरलेल्या रविवारी सकाळी मामांच्या घरी सत्यनारायण मांडला. गुरुजींनी संकल्प सोडताना विचारलं, "गोत्र?" झालं! स्वतःच्या घरात, स्वतःच्या पाटावर पुन्हा तोच प्रश्न. मामांनी पळी पंचपात्रावरच धरली. म्हणाले, "गुरुजी, मला नाही." गुरुजींनी पोथीतून मानही वर केली नाही. "नाही कसं? ठाऊक नसेल तर काश्यप म्हणा. ज्यांना आपलं गोत्र ठाऊक नाही, त्या सगळ्यांचं काश्यप." मामा पळी तशीच धरून बसले. "सगळ्यांचं?" "सगळ्यांचं." "म्हणजे माझ्यासारखे जेवढे असतील तेवढ्यांचं?" "हो हो, आचमन करा आता." मामांनी वळून माझ्याकडे असं काही पाहिलं, की तसं हसू मी त्यांच्या तोंडावर पूर्वी कधी बघितलं नव्हतं. "जावईबापू, केवढं मोठं घराणं निघालं हो!" आणि मला कळून चुकलं, की आता हा माणूस पुढच्या वर्षी जगातल्या तमाम काश्यपांना जेवायला बोलावणार.

पण पुढच्या वर्षाचं सोडा, त्या दिवशीच पंगत बसेना. सोसायटीच्या हॉलमध्ये सतरंज्या घातल्या, पत्रावळी मांडल्या, मीठ-लिंबू वाढून झालं. साडेबारा वाजले, एक वाजला. क्लासच्या मॅडमचा मेसेज आला, परीक्षा आहे. पोस्टातल्या बाईंची खरोखरच बदली झाली होती. नव्या साहेबांच्या टेबलावर पाटी तीच, पण त्यांना अक्षतांचं काय माहीत! संगीतप्रेमी मंडळाला ऐन वेळी उत्तनला भजनाची सुपारी मिळाली. त्यात बिल्डिंगचा पंप जळाला आणि नळाचं पाणी गेलं. आचारी ओरडायला लागला. मामा दारात उभे, तोच इस्त्रीचा झब्बा, हातात गुलाबपाण्याची झारी. जिन्यावर पाऊल वाजलं की पुढे व्हायचे, आणि ते पाऊल वरच्या मजल्यावर निघून जायचं. मी आत पत्रावळींकडे पाहिलं. शेजारच्या टॉवरचं काम रविवार असूनही चालू होतं आणि उघड्या खिडक्यांतून धूळ येऊन प्रत्येक पानावर बसली होती. बोलावलेल्या सगळ्या घराण्यातून वेळेवर हजर राहिलेली ती एकटी. मला रडावं की डोकं फोडून घ्यावं कळेना. ही पदराने एकेक पान पुसत सुटली. पुसलेलं पान पुन्हा मळायचं, पण ही थांबेना.

मग पंपवाले शेठ आले. संमेलनाला नव्हे, पंप जळाल्यामुळे सेक्रेटरींनी बोलावलं म्हणून. मामांनी त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडलं. शेठनी पंप दुरुस्त केला, हात धुतले, आत मांडलेल्या रिकाम्या पंगती पाहिल्या, मामांकडे पाहिलं आणि बाहेर जाऊन फोनवर म्हणाले, "घर पे बोल दे, खाना काका के यहाँ है." मग बसले मांडी घालून. त्यानंतर पुष्कळ वेळाने खाली सहाआसनी रिक्षा वाजली आणि काशीगावातल्या चौघी बहिणी गजरे माळून वर आल्या. बाकीच्यांना शिवणाची ऑर्डर होती. मागे ज्यांनी पहिली काडी ओढली होती त्या पोक्त बाई दारातच म्हणाल्या, "भाऊ, तू जेवलास का?" मामा मानेनेच नाही म्हणाले. "मंग आदी तू बस." मामा म्हणाले, "मी वाढणार." "बस म्हनते ना!" आणि बसवलं की हो त्यांना. वाढायची इच्छा मनात धरून महिनाभर धडपडलेला माणूस स्वतःच्या पंगतीत जेवायला बसला. एका बाजूला शेठ, दुसऱ्या बाजूला मी, समोर बहिणी, आणि बाकी लांबच्या लांब रिकामी पानं. दुसऱ्या दिवशी शेठनी पंपाचं बिल सोसायटीला चोख पाठवलं. मामा म्हणाले, भाऊबंदकीत व्यवहार असाच पाहिजे.

संध्याकाळी मंडळी गेली तेव्हा हंड्यात शिरा उरला होता आणि कोपऱ्यात वाट्यांची गोणी तशीच भरलेली होती. मी माझ्या रागाला वाट करून दिली. "बघितलंत मामा? मी सांगत होतो! तीन अक्षरांसाठी कुणी येतं का? आता या वाट्यांचं करायचं काय?" मामा सतरंजीची घडी घालत होते. घडी पुरी केली. मग म्हणाले, "ते आले नाहीत तर आपण जाऊ या. घरचं माणूस आलं नाही तर आपण त्याचं पान घरी पाठवतो की नाही?" आणि त्यांनी वाट्या शिऱ्याने भरल्या. मी ताटं धरली, आणि आम्ही दार दार हिंडलो. त्यांच्या विंगमध्ये, समोरच्या विंगमध्ये, पलीकडच्या सोसायटीत. कोण एस.पी.एम. आणि कोण नाही, ते मामा आता विचारत नव्हते. दार उघडलं की वाटी पुढे करायचे आणि म्हणायचे, "घर का है." मल्याळी बाईंना दिली, जैन आजींना दिली, रमझानचा रोजा सोडायला निघालेल्या एका पोराच्या हातात दिली. वॉचमनला दोन.

भरलेली वाटी रिकामी परत करायची नसते, हे सगळ्या मुलखात सारखंच. पुढच्या काही महिन्यांत त्या वाट्या परत यायला लागल्या. कुणी सांबार, कुणी हांडवो, ईदला शीरखुर्मा, कुणाकडून नुसती साखर. मामा धुवून पुसून, त्यात काहीतरी घालून पुन्हा पाठवायचे. एकट्या माणसाच्या दाराची घंटा दिवसभर वाजायची. आमच्याकडे गोडदेवला यायचं त्यांचं कमी झालं. फोन केला की म्हणायचे, "आज नाही जमणार, घरी माणसं येतात." मला जरा चुटपुटल्यासारखं व्हायचं. इतकी वर्षं या माणसाला वैतागलो, आणि आता ते येत नाहीत म्हणून वैताग!

मामा गेले ते असेच, दुपारी जेवून पडले ते उठले नाहीत. ओट्यावर दुसऱ्याच कुणाची तरी वाटी धुवून पालथी घातलेली होती. दिवस मी केले. संकल्पाला गुरुजींनी गोत्र विचारलं तेव्हा मी त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणालो, "काश्यप."

आता त्यांची जागा विकली गेली, टोप आमच्या माळ्यावर आहेत. वाट्या मात्र कुठे कुठे आहेत देव जाणे. परवा रविवारी आमच्या मजल्यावर नव्याने राहायला आलेली एक बाई दारात आली. मूळची जौनपूरची. हातात वाटी, वर ताटली झाकलेली. "भाईसाब, ये कटोरी पुराने घर से सामान में आ गई. मीरा रोड में किसी पड़ोसी की थी. यहाँ किसी ने बताया आपके घर के बर्तनों पर भी यही लिखा है. एस. पी. एम. कौन हैं?"

मी वाटी हातात घेतली. गरम होती, आत खीर होती. आतून ही पण दाराशी येऊन उभी राहिली, माझ्याकडे बघत. मला ती सवय ठाऊक आहे, तिलाही ठाऊक आहे. पुढचा खुलासा ओठांवर येतो की काय, म्हणून ती वाट बघत असावी.

मी म्हणालो, "हमारे मामा हैं."